दादानं आतून लावलेला पत्रा

माझा मोठा भाऊ महाल भागातल्या एका गल्लीत कूलर बनवतो. तीस वर्षं झाली त्याला. मी त्याला म्हटलं, "दादा, मले चाकांवरची एक भट्टी बनवून दे, गाडीमागं ओढून नेता आली पाहिजे," तेव्हा त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग वहिनीकडं.

"जाळ एका डब्यात अन् मटण दुसऱ्यात? मंग ते शिजन कसं वं?"

"धुरानं. आठ-नऊ तासांत."

"अरे बाप्पा! तवरीक लोकं घरी जाऊन जेवतीन ना!"

हसला, पण कामाला लागला. मी मौद्याकडची कँटीनची नोकरी सोडून बसले होते आणि पहिली ऑर्डर हातात होती. रविवारी, एका साहेबांच्या निवृत्तीची पार्टी, ऐंशी माणसं. ती फसली की माझा धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी वहीत चित्र काढून दिलं. बाजूला खाली जाळाचा डबा, मधे लांब टाकी, दुसऱ्या टोकाला धुराडं. रुंदी फक्त साडेचार फूट, कारण गाडा गल्लीतून बाहेर निघायला हवा. आणि दहा वेळा बजावलं, सगळं जाड काळं लोखंड. दादानं तसंच केलं. दार असं बसवलं की फटीत कागद जाईना. मी तर दुकानातच टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी सकाळी रिकामी भट्टी तापवून पाहायची ठरली. कळमेश्वरहून संत्र्याची वाळकी लाकडं आणली होती. मी पोचले तोवर दादानं जाळ पेटवलासुद्धा होता आणि नव्या नवरदेवाच्या ऐटीत उभा होता.

"पाह्य, तुह्यासाठी का केलं मी!" त्यानं डब्याचं दार उघडलं.

आत सगळीकडं कूलरचा पत्रा! तोच, जस्ताचं पाणी दिलेला चकचकीत पत्रा, चहूबाजूंनी नीट रिबिटा मारून बसवलेला. निखाऱ्यांजवळ तो पिवळा पडला होता. पांढरं भुसभुशीत काहीतरी त्यावरून सुटून धुरात तरंगत होतं आणि दादा त्यातच वाकून मला सांगत होता, "काळं लोखंड गंजते ना वं. हा दहा वर्षं गंजत नाही. महागातला घेतला."

कूलरमध्ये रात्रंदिवस पाणी, म्हणून कूलरवाल्याला एकच शत्रू माहीत, गंज. त्यानं प्रेमानं, मला न सांगता, माझ्या भट्टीला गंजापासून वाचवलं होतं.

"दादा, हो तिकडं! दूर हो!" मी ओरडले. "काहून लावला गा हा? मले विचारलं काहून नाही? हे जस्त जळून राहिलं. ह्या धुरात मटण शिजवून लोकायले खाऊ घालू? ऐंशी लोकं आजारी पडतीन ना!"

शेजारचे दुकानदार बाहेर आले. मी थांबले नाही. चिडले की मी थांबत नाही, हा माझा जुना रोग आहे. मोठ्या भावाला भर गल्लीत काय काय बोलले, आता लिहायची लाज वाटते. तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "का होते पण या धुरानं?"

"ताप येते. थंडी वाजून येते, अंग मोडते. तोंडाले गोडूस चव येते."

दादानं वर पाहिलं. वहिनी चहा घेऊन दारात आली होती, तीच बोलली.

"वं माय! ताई, यायले तर दरवर्षी येते असा ताप. कूलरचा सीझन लागला, वेल्डिंग सुरू झालं, का पहिल्या आठवड्यात हमखास. भर मार्चमध्ये दोन-दोन ब्लँकेटं टाकतो आम्ही. दूध-गूळ देतो. उन्हाळा लागला म्हणून होते, असं सगळेच म्हणतात गल्लीत."

एका दुपारच्या जेवणासाठी मी गल्ली डोक्यावर घेतली होती, आणि हा माणूस तीस उन्हाळे हाच धूर गिळत होता. त्या कूलरच्या कमाईवर मी शिकले. एकदाही विचारलं नाही, दादा, हा ताप कशाचा.

दादा छिन्नी घेऊन रिबिटांकडं वळला. "रविवारपर्यंत काढून देतो सगळा. तू टेन्शन नको घेऊ."

मी त्याच्या हातातून छिन्नी ओढून घेतली आणि पार्टीवाल्या साहेबांना फोन लावला. रविवारचं जमणार नाही म्हटलं. त्यांनी चिडून विचारलं, "का झालं? मशीन बिघडली का?"

"नाही जी. माझ्या भावाची तब्येत बरी नाही. दवाखान्यात न्यायचं आहे."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. "काहून खोटं बोलतं वं?" तो म्हणाला. "मी चांगला तर आहो."