मोहन्याऐवजी लडाख

ठाण्याच्या कोळीवाड्यातले दामाजी तांडेल आमच्याबरोबर मोटरसायकलवर लडाखला आले होते असं सांगितलं, की लोक हमखास विचारतात, दर्यातल्या माणसाला डोंगरांचा नाद कसा लागला? नाद कसला डोंबलाचा! रोहतांगच्या वळणावर खाली बघायला नको म्हणून तो माणूस रामनाम घेत गाडी चालवत होता. त्यांना खरं तर मोहन्याला जायचं होतं. कल्याणच्या पुढे, शहाडला उतरून रिक्षानं. ते जमेना, म्हणून ते लडाखला गेले. आता नीट सांगते, नाहीतर म्हणाल या बाईचं डोकं फिरलंय.

दामाजीकाकांचा जन्म खाडीकाठचा. वडिलांची होडी होती, ती पुढे त्यांच्याकडे आली. लग्न मोहन्याच्या मालूकाकींशी. खाडीत मासळी होती तोवर घर होडीवरच चाललं. मग पाण्याला रंग यायला लागला, वास यायला लागला, जाळ्यात बोयटं कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. होडीच्या इंजिनावर हात बसलेला होता, म्हणून त्यांनी नौपाड्यात एका गल्लीच्या तोंडाशी गॅरेज टाकलं. माझा नवरा श्रीपाद बुलेटवेडा. संसाराच्या दहा वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला नसेल, तेवढं त्यांच्याशी बोललाय, आणि तेही कार्बोरेटरबद्दल. त्यामुळे दामाजीकाका आमच्या घरातलेच झाले. मला ते ‘बाय’ म्हणायचे. मी टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल जोडणारी, तोंडाची तिखट. पण त्यांनी ‘बाय’ म्हटलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा.

सत्त्याऐंशी साली त्यांनी होडी विकली. विकली ती विकली, पण पोराला न विचारता. भिवाजी त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. पंधराव्या वर्षापासून बापाबरोबर होडीवर जाणारा. तो दोन दिवस मित्राच्या लग्नाला गेला होता, परत आला तर बंदरावर होडी नाही. अख्ख्या वाड्यादेखत तो बापाला वाट्टेल ते बोलला. बापानं कानाखाली वाजवली आणि म्हणाला, ‘‘परत ह्या दारात पाय ठेवू नको.’’ पोरगा बापाचाच. नाही ठेवला. दोन महिन्यांत फौजेत भरती झाला, ट्रक चालवायला.

पुढची सहा वर्षं दर सुटीत भिवाजी उतरायचा तो मोहन्याला, गोविंदामामाच्या घरी. मालूकाकी तिकडे जाऊन त्याला भेटून यायच्या. ज्या दिवशी त्या निघायच्या, त्या दिवशी दामाजीकाका पहाटेच मासळीबाजार गाठून सगळ्यात ताजा जिताडा निवडून आणायचे आणि पिशवी त्यांच्यासमोर ठेवून म्हणायचे, ‘‘ने.’’ कुणासाठी, ते नाही. मालूकाकीही काही कमी नव्हत्या. पोराचं पत्र आलं की शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यायच्या आणि घरी येऊन भांडी घासता घासता सगळा मजकूर भिंतीला सांगायच्या. ‘‘लेहच्या अलीकडं कारू का कायसा गाव हाय म्हनं. तिकडं ट्रकवर हाय. लय थंडी.’’ भिंतीपलीकडे ओटीवर दामाजीकाका विडी ओढत बसलेले असायचे. विझली तरी ओढायचे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मालूकाकींनी भिंतीला सांगितलं की भिवाजीचं लग्न ठरलं. माघात, मोहन्यालाच. आणि देवकाला गोविंदा आणि त्याची बायको बसणार. लग्नाआधी देवक बसवायला मुलाचे आईबाप जोडीनं बसतात, एवढं कुणालाही माहीत असतं. बाप धडधाकट असताना मामा बसणार म्हणजे काय? म्हणजे बाप मेला, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच आठवड्यात श्रीपाद आणि त्याचे चार मित्र लडाखचे नकाशे पसरून आमच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. मी चहाच्या कपांनी वैतागलेली. दामाजीकाका आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तुमाला मेकॅनिक नाय लागनार काय?’’

श्रीपादला आनंदानं वेड लागायचं बाकी होतं. मला मात्र शंका आली. बावन्न वर्षांचा माणूस, जुनी राजदूत, आणि हौस म्हणाल तर कधी महाबळेश्वरला गेला नाही. पण शंका आली तरी मी विचारलं नाही, ही माझी चूक.

ऑगस्टात निघालो. सहा गाड्या, श्रीपादच्या मागे मी. सगळ्यात शेवटी दामाजीकाकांची राजदूत, हत्यारांच्या पेटीसकट, आणि वर मेणकापडात बांधलेलं एक गाठोडं. त्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते. कुणाची गाडी थांबली की ते मागून यायचे, एका नजरेत काय बिघडलंय ते ओळखायचे. बारालाचा खिंडीच्या चढावर सगळ्या गाड्या धूर ओकायला लागल्या, उचलच घेईनात. काकांनी प्लग काढले, काळे पाहिले आणि हसले. ‘‘पेट्रोल तेवढाच जातंय, हवा नाय. खायला हाय, पन दम नाय.’’ थंडीनं बोटं वळत नसताना त्यांनी सहाच्या सहा गाड्या बसून सारख्या केल्या, आणि मग स्वतःची छाती धरून दगडावर टेकले. मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, ‘‘कारू अजून किती, बाय?’’ सगळे लेह किती विचारत होते. हे एकटेच कारू विचारत होते.

सरचूच्या अलीकडे एका नाल्यात राजदूत आडवी झाली आणि ते गाठोडं भिजलं. तंबूत आल्यावर जो वास सुटला, देवा रे देवा! सुकी मासळी. वाकट्या. आधीच उंचीनं माझं डोकं फुटत होतं, पोटात काही ठरत नव्हतं, त्यात हे. रात्रभर मी नाकाला ओढणी बांधून पडले. सकाळी दामाजीकाका गाड्या बघायला बाहेर गेले आणि मी तरातरा उठून ते गाठोडं नदीत भिरकावलं. वर ‘घाण गेली’ असंही म्हणाले.

काका परत आले. गाठोड्याची रिकामी जागा बघितली. मी म्हटलं, ‘‘मी फेकलं. माणसं मरतील त्या वासानं.’’

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. म्हणाले, ‘‘पोराला आवडतात.’’

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. होडीचं, मोहन्याचं, देवकाचं. मला इतकी लाज वाटली की त्या लाजेचा राग आला, आणि तो मी त्यांच्यावरच काढला. ‘‘अहो, तासाभरावर मोहने! सहा वर्षं दर सुटीत पोरगा तिथे येतोय. तिथे जायला जमलं नाही आणि इथे मरायला आलात?’’

‘‘म्होन्याला मी जावई हाय, बाय,’’ ते म्हणाले. जणू काही सगळं यातच आलं. मी ‘‘मग?’’ म्हटलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. ‘‘मेव्हण्याच्या ओट्यावर, सगल्या घराम्होरं, जावयानं पोराम्होरं मान खाली घालायची? गोविंदा जलमभर तेच काढंल. हितं आपल्याला कोन वलखतं?’’

कपाळावर हात मारावा की रडावं, कळेना. मानासाठी माणूस हिमालय चढून आला होता. आणि आल्यावर करणार काय होता? पोराच्या हातात वाकट्या ठेवणार होता, बस्स. तोंडानं एक शब्द बोलायचा बेत नव्हता. ती वाकट्यांची माफी मी नदीत टाकली होती.

‘‘आता रिकाम्या हातानं कसा जाऊ?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आता तोंडानं बोला,’’ मी म्हटलं. ‘‘ऐका माझं. दहा वर्षं मी लोकांचे ट्रंक कॉल जोडतेय. तीन मिनिटांतली अडीच मिनिटं लोक पाऊस किती झाला हे विचारण्यात घालवतात, आणि जे बोलायचं ते बोलायला जावं तर वेळ संपते. मुद्द्याचं आधी बोलायचं.’’

त्यानंतर दोन दिवस दामाजीकाका हेल्मेटमध्ये पुटपुटत गाडी चालवत होते. चहाला थांबलो की मी विचारायची, ‘‘हं, बोला.’’ ते म्हणायचे, ‘‘भिवा, तुजी तब्येत कशी हाय?’’ मी ओरडायची, ‘‘गेला कॉल!’’ श्रीपादला वाटलं दोघांनाही उंची लागली.

कारूला फौजेचा ट्रकांचा तळ रस्त्याला लागूनच होता. श्रीपादनं पहारेकऱ्याला सांगितलं, मुंबईहून ड्रायव्हर भिवाजी तांडेलचे वडील आलेत. आत निरोप गेला. बाकीचे गाड्यांपाशी मागे थांबले. मीही थांबायला हवं होतं, पण मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभी राहिले, नाकारत नाही.

भिवाजी धावतच आला. हात ग्रीसनं काळे, उंच, रापलेला. दहा पावलांवर बापाला बघून थबकला.

‘‘आईला काय झाला?’’

आमच्या कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. सहा वर्षं तोंड न बघितलेला बाप दोन हजार किलोमीटर येऊन पुढ्यात उभा राहिला, तर पोराला दुसरं काय वाटणार? दामाजीकाका दोन्ही हात हलवायला लागले. ‘‘नाय नाय! आय बरी हाय. खरंच बरी हाय, तुजी शपत.’’ एवढं बोलून त्यांना धाप लागली, आणि दोन दिवस घोकलेलं सगळं त्या धापेत वाहून गेलं. मी मुठी आवळून मनात म्हणत होते, बोला, बोला.

‘‘मग?’’ भिवाजीनं विचारलं.

‘‘मी चुकलू,’’ दामाजीकाका म्हणाले. ‘‘होडी तुजी पन व्हती. तुना इचारायला पायजे व्हता. आनि हात उगारला, दार बंद केला, त्यो पन मीच. चुकलू रे, भिवा.’’ श्वास घेतला. ‘‘देवकाला मी बसू काय?’’

बापाला पोराकडे असं काही मागताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भिवाजीनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, तर ग्रीस सगळ्या तोंडाला लागलं.

‘‘दर सुटीत शेवटचं दोन दिस मी मामाच्या ओट्यावर बसून असायचू,’’ तो म्हणाला. ‘‘शहाडकडनं रिक्षा आली की उबा ऱ्हायचू. मामी हसायची मना.’’

दामाजीकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

‘‘आनि देवकाला मामा बसनार नाय,’’ भिवाजी पुढे म्हणाला. ‘‘बाबा नसतील तर मी लग्नच करनार नाय, असा मी मामाला चैतातच लिवून टाकलाय. आईला म्हाईत हाय.’’

‘‘मंग ती गोविंदा बसनार असा का बोलली?’’

‘‘मीच शपत घातली तिला. बोलवून आनायचं नाय म्हटला. म्हनून तिनं मामाचा नाव पुढं केला आसंल. तुमी आपनहून यायला पायजे व्हतं.’’

‘‘आलू ना रे,’’ दामाजीकाका म्हणाले. ‘‘येल लागला, पन आलू ना.’’

भिवाजीनं पुढे होऊन त्यांच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवला. ते काढायचं इतका वेळ कुणाला सुचलंच नव्हतं.