तिशीनंतर उचलायचं नाही

त्याला सगळी वस्ती खांद्या म्हणायची. नवा माणूस ते नाव ऐकून चपापायचा आणि त्याची आई तर चिडायचीच. "मी चांगलं नाव ठेवलं होतं. हे काय अभद्र! जसं काही रोज कुणाला तरी शेवटचं पोचवून येतो." तो पोचवायचा हे खरं, पण दवाखान्यात, आणि जिवंत माणसांना. वस्ती टेकडीवर, रस्ता खाली, मध्ये तीनशे बारा पायऱ्या. वर गाडी येत नव्हती आणि येण्याची चिन्हंही नव्हती.

धंद्याने तो वेल्डर. ग्रिल आणि फाटकं करायचा. एकविसाव्या वर्षी शेजारची बाळंतीण चादरीच्या झोळीतून नेताना माणसांचे पाय घसरले आणि याचं डोकं फिरलं. घरातल्या लोखंडी खाटेचे पाय त्याने कापले, दोन्ही बाजूंना लांब पाइप जोडले आणि मित्रांना म्हणाला, "चला, उचला." आई त्यानंतर आठ महिने जमिनीवर झोपली. "पोरगा समाजसेवा करतो आणि कंबर माझी मोडते," असं जो भेटेल त्याला सांगायची, पण सांगताना चेहऱ्यावर कौतुक मावत नसे.

तिसऱ्या वर्षी परदेशी संस्था आली. तरुणांच्या गटांशी भागीदारी करायची, असं त्यांचं म्हणणं. झालं! ज्यांनी आयुष्यात कुणाची उशी उचलली नव्हती, असे वस्तीतले चार ज्येष्ठ इस्त्रीचे कपडे घालून अध्यक्ष व्हायला हजर. खांद्या तेव्हा चोवीस वर्षांचा, तापट. भर बैठकीत उठून म्हणाला, "लिहून घ्या, मॅडम. तिशीनंतर उचलायचं नाही आणि समितीतही बसायचं नाही." संस्थेच्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. करारात तसं कलम पडलं, स्वयंसेवकांचा विमाही त्याच वयापर्यंतचा निघाला. ज्येष्ठ तोंड वाकडं करून घरी गेले. तीस वर्षं ही दुसऱ्यांना होतात, असं वाटण्याचं ते वय होतं.

संस्थेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिने हलकं, घडीचं स्ट्रेचर दिलं, केशरी जाकिटं दिली, श्वास अडकला तर काय करायचं हे पोरांना शिकवलं. त्यातून माणसं वाचली. जुनी खाट मात्र त्यांनी मोठ्या कौतुकाने मागून नेली. आता ती कुठल्याशा परदेशी कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेली आहे म्हणे, खाली पितळी पाटी.

आणि खांद्याला तीस पूर्ण झाली. त्याने जाकीट घडी करून दिलं, स्ट्रेचरच्या कपाटाची किल्ली गटाच्या नव्या कॅप्टनच्या हातात ठेवली. कॅप्टन म्हणजे वीस वर्षांची चुणचुणीत पोरगी. उचलताना पाठ नाही, गुडघे वाकवायचे, हे तिला यानेच शिकवलेलं. नंतर स्ट्रेचर त्याच्या दुकानावरून जाताना दिसलं की तो हातातलं काम टाकून ओरडायचा, "नळाच्या वळणाला जपा!" त्या वळणावर पायऱ्या उंच, स्ट्रेचर तिरकं होतं. स्ट्रेचरवरचा माणूस कितीही अर्धमेला असो, तिथे त्याचा हात आपसूक दांडीकडे जातो. नऊ वर्षांत दोघांचेच गेले नव्हते आणि ते दोघे रस्त्यापर्यंत पोचले नव्हते.

परवा भर दुपारी आईच्या छातीत कळ आली. ती दारातच बसली, घामाने डबडबलेली. पाठीवर घ्यायला तो वाकला, पण ओणवं होताच तिचा श्वास कोंडला. त्याने फोन केला. कॅप्टन स्ट्रेचर आणि दोन पोरांना घेऊन धावत आली. बाकी सगळे खाली सभागृहात. संस्थेचे पाहुणे आले होते आणि दिवसभराचं शिबिर होतं, तरुणांच्या नेतृत्वावर.

तिघंच. लागतात चार.

"चौथा निघालाय, दादा. चढून येतोय."

खांद्याचा हात दांडीवर गेलाच होता. कॅप्टन रडवेली होऊन त्या हाताकडे बघत राहिली. गेल्या वर्षी एका चाळिशीच्या शेजाऱ्याने हात लावला होता आणि त्याचा फोटो संस्थेच्या कार्यालयात पोचला होता. पुन्हा असं झालं तर करार संपला, स्ट्रेचर परत, असं पत्र आलं होतं. ते तिला पाठ होतं, यालाही. वर साडेतीनशे घरं, आणि खाट तर भिंतीवर.

त्याने हात काढून घेतला. "थांबू या."

आईने मान वर केली. "तू उचल ना रे."

"येतोय गं तो. आलाच."

"तुझ्यासाठी मी जमिनीवर झोपले," ती म्हणाली. रागावून नाही, थट्टेनेच. तिला एवढंच बोलता आलं.

तेरा मिनिटं गेली. ही तेरा त्याला आता जन्मभर पुरतील. चौथा धापा टाकत आला, चौघांनी अगदी शिकवल्यासारखं गुडघे वाकवून उचललं आणि भराभर उतरू लागले. खांद्या तिच्या चपला हातात घेऊन मागून चालला. दुसरं काय धरायचं, हे त्याला सुचलं नव्हतं.

नळाचं वळण आलं. स्ट्रेचर तिरकं झालं. तो आईच्या हाताकडे बघत होता. हात होता तिथेच राहिला, मग घरंगळून बाजूला लोंबला.

पोरं तशीच पळत होती.

"पोरांनो," तो म्हणाला, "आता घाई नको. सावकाश चला."

कॅप्टनने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. ती थांबली. तिने आपली दांडी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडून चपला घेतल्या.