चैत्रातला तरोटा

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी टेबलावरचा चहाचा कप उचलतो आणि खाली काय आहे ते पाहतो. कारण त्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा दोन दिवस माझ्या चहाच्या कपाखाली होता, आणि तो तिथे ठेवणारा कोणी आरोपी नव्हता. चौकशी अधिकारीच होता. म्हणजे मी.

निवृत्तीला तेव्हा वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं ठाणं माझ्याकडे होतं. मोटारपंपाच्या चोऱ्या, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फोडणं, लग्नाच्या वरातीतली मारामारी, हा आमचा रोजचा माल. अशा ठाण्यात एका सकाळी रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक कडक इस्त्रीच्या शर्टात आले. तक्रार अशी, की त्यांच्या प्रयोगशाळेतून संशोधनाची वही आणि वनस्पतींच्या नमुन्यांचा गठ्ठा त्यांच्याच पीएचडीच्या विद्यार्थिनीने पळवून नेला.

अर्जाला त्यांनी स्वतःच्या शोधनिबंधांची यादी जोडली होती. यादी सोळा पानांची. रसायनशास्त्राचे निबंध, औषधशास्त्राचे निबंध, दोन्ही मिळून दोनशेच्या वर. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एवढे गुन्हे तर मी अख्ख्या नोकरीत उघडकीस आणले नव्हते.

"नुसती संख्या पाहू नका, साहेब," ते म्हणाले. "जगभरातले लोक माझ्या निबंधांचे दाखले देतात. एकेक दाखला मोजला जातो. हे पाहा." त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर एक आकडा होता. अर्ज दाखल होईपर्यंत त्यांनी तो आकडा चार वेळा उघडून पाहिला. घरी तान्हं मूल तापाने फणफणलेलं असावं, तसा माणूस अस्वस्थ होता. माझ्या मात्र ते ध्यानात आलं नाही. मी त्यांच्यासाठी चहा सांगत होतो.

दुपारी त्या मुलीला बोलावलं. ती आईसोबत एसटीने आली. मंगरूळपीरजवळचं बागायती घर. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात विकायचं. त्या दिवशी बाजार असल्यामुळे आईच्या हातात रिकामी टोपली होती. मुलीने वही आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा आपणहून टेबलावर ठेवला.

"चोरी नाही केली, साहेब. हे माझंच आहे," ती म्हणाली.

तिची हकिकत साधी होती. तरोटा म्हणजे पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारी रानभाजी. तिची आई नायट्यावर त्याचा पाला वाटून लावायची. मुलीने त्या पानांमधून एक द्रव्य वेगळं काढलं, नायट्याच्या बुरशीवर तपासलं, आणि ते लागू पडलं. मार्गदर्शक सरांनी तेच काम परदेशी नियतकालिकात छापलं. वर चार नावं, त्यात हिचं नाही. आता हिने प्रबंध जमा केला, तर संगणक सांगणार की हा मजकूर सरांच्या निबंधातून उचलला आहे. प्रबंधाची मुदत बारा दिवसांवर. त्याआधी चोरीचा गुन्हा दाखल झाला तर नोंदणीच रद्द. पाच वर्षं पाण्यात.

मी पंचनामा लिहायला घेतला. 'एक जुनी वही. जुनी वर्तमानपत्रे, त्यात सुकलेला पाला. किंमत शून्य.'

"साहेब, पाला नाही, नमुने आहेत ते," मुलगी म्हणाली.

"लिहिलं ते लिहिलं," मी म्हणालो, आणि गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवला. आईने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्यानंतरचे दोन दिवस मला चैन पडलं नाही. खुनाच्या तपासातही मी दुपारचं जेवण टाळलेलं नाही, पण इथे घास उतरेना. वहीतलं अक्षर मुलीचं होतं. सरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "मी सांगायचो, ती लिहायची. विद्यार्थी असेच लिहितात." खोडून काढता येईना. मी व्हरांड्यात येरझारा घालू लागलो, तेव्हा ठाणे अंमलदाराने साहेबांची शुगर वाढली असं सगळ्यांना सांगून टाकलं.

शेवटी ती सोळा पानी यादी काढली आणि लाल पेन्सिल घेतली. निबंध मला कळणार नव्हते, नावं कळणार होती. अकोल्याला एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोन करून सरांच्या निबंधांचे दाखले कोण देतं ते मागवलं. पन्नासेक निबंध तपासले. पुन्हा पुन्हा तीच चार नावं. ते चौघे यांचे दाखले देत, हे त्या चौघांचे.

मला हसू आलं, कारण ही पद्धत मला पाठच होती. आमच्या ठाण्यासमोर एक चहावाला आणि एक झेरॉक्सवाला. कोणताही पंचनामा काढा, पंच म्हणून सह्या त्यांच्याच. एकदा कोर्टात वकिलाने विचारलं होतं, "तुमच्या तालुक्यात हे दोघंच राहतात का?" पण दाखले वाढवणं हा काही कलमात बसणारा गुन्हा नाही. त्याने मुलगी सुटत नव्हती. दहा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवलं. सर तयारीने आले होते. प्लॅस्टिकच्या फाइलमधून त्यांनी वर्तमानपत्राच्या पानात दाबलेली एक वाळकी फांदी काढली. त्यावर छापील चिठ्ठी होती.

"हा माझा मूळ नमुना. पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी स्वतः गोळा केला. हिची नोंदणी त्याच वर्षी जुलैची. आता तुम्हीच ठरवा आधी कोण."

मुलीचा चेहरा उतरला. मीही पेन उघडलं. तेवढ्यात दाराजवळ टोपली घेऊन बसलेली तिची आई म्हणाली, "सायेब, एक इचारू का? राग नोका धरू."

"बोला, बाई."

"एपरील म्हंजे चैतच ना?"

"हो. चैत्रच."

"मंग चैतात याईले तरोटा भेटला कुठी? पानी पडल्याबिगर थो उगवतच नाही. आमी आखाडात खुडतो, कोवया पानाचा. चैतात तर त्याची वायली काडी रायते, तेबी चुलीत घालाले."

सर हसले. "बाई, संशोधनातलं तुम्हाला नाही कळायचं."

"संशोधन नाही कयत, सर. भाजी कयते."

मी वऱ्हाडातच वाढलेला माणूस, दर पावसाळ्यात तरोट्याची भाजी खाणारा. मला हे सुचू नये? मी सरांची फांदी हातात घेतली. पानं हिरवी असतानाच दाबलेली होती. मग ती ज्या वर्तमानपत्रात होती ते पाहिलं. वरची तारखेची पट्टी कात्रीने नीट कापलेली. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं. पण पट्टी कापली तरी पान उरलंच होतं. पानाच्या कडेला एका छायाचित्राचा अर्धा भाग होता: बैलाचं मागचं धड, पाठीवर झूल, रंगवलेली शेपटी. बाकीचं चित्र फाटून गेलेलं.

पोळ्याचा बैल. आणि अशाच शिंगाला बेगड लावलेल्या बैलाचं तोंड मी दोन दिवस कुठेतरी पाहत होतो.

मी माझ्या चहाचा कप उचलला.

कपाखाली, गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या पानावर, चहाच्या तांबूस गोल डागाच्या आत बैलाचं तोंड होतं. दोन्ही पानं शेजारी ठेवली. फाटलेली कड कडेला बसली, बैल पुरा झाला. आणि मुलीकडच्या अर्ध्या पानावर तारीख शाबूत होती: त्याच वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे एप्रिलमध्ये तोडलेली फांदी चार महिन्यांनी छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात दाबली होती.

"सर," मी म्हणालो, "हे कसं केलंत? याच्यावरही एक निबंध होईल."

चौकशीत आवाज चढवायची गरज पडली नाही. त्यांनी मोबाईल उलटा-पालटा केला. मग म्हणाले, "तुम्हाला नाही समजणार, साहेब. आकडा थांबला ना, की लोक विचारतात, सर सध्या काय चाललंय? सुरुवातीचे माझे निबंध खरे होते. रात्रंदिवस राबून केलेले. नंतर... नंतर आकडाच पुढे गेला आणि मी मागे राहिलो." हिच्या गठ्ठ्यातली एक फांदी त्यांनी काढून घेतली होती. हे बोलतानाही त्यांनी एकदा मोबाईल सरळ करून पाहिलाच. मला राग यायला हवा होता. आला तो थोडा, पण त्या माणसाची ती तगमग पाहून जिवाला अधिकच चुटपुट लागली.

चोरीचा गुन्हा दाखल झाला नाही. माझा चौकशी अहवाल, दोन्ही पानांसह, विद्यापीठाकडे गेला. चहाचा डाग पाहून समितीतल्या एकाने तो नमुन्याचा भाग आहे का, असं लेखी विचारलं. मी लेखी कबुली दिली. मुलीचा प्रबंध शेवटच्या दिवशी जमा झाला. सरांचा निबंध पुढे मागे घेण्यात आला. त्यांच्या इतर निबंधांचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

मला वरिष्ठांकडून प्रशंसापत्र मिळालं. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच: कागदावर ज्याचं नाव आहे त्याला एकदा विचारावं की पाला कोणी खुडला. हे वाक्य मला फार आवडलं होतं. प्रशंसापत्र घेऊन घरी गेलो आणि बायकोला ते वाक्यासकट ऐकवलं. ती मेथी निवडत होती; सरांची आणि निबंधावरच्या चार नावांची हकिकत तिला मी आधीच सांगितली होती. पत्र मीच मोठ्याने वाचलं: 'बारकाईने निरीक्षण करून वनस्पतीच्या हंगामाचा मुद्दा उघडकीस आणल्याबद्दल...'

"हंगामाचा मुद्दा तुमी उघडकीस आणला?" तिने विचारलं.

"म्हणजे, त्या मुलीची आई बोलली. मग मी..."

"मंग त्या माउलीचं नाव कुठी हाये यात?"

मी सांगितलं, पोलिसी अहवालात तसं नाव घालत नाहीत. 'खात्रीलायक माहितीवरून' असं लिहायची पद्धत आहे.

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या सरानं तरी चार नावं घातली होती," ती म्हणाली. "तुमी तं एकट्याचंच घातलं."