कान वाजले नाहीत

काशीबाईने औषधाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं नाही.

कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं क्विनाइन, इतकं कडू असतं की भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. आमच्या दवाखान्यात पहिला डोस कंपाउंडरच्या खिडकीसमोरच प्यावा लागे. बाटली पेशंटने घरून आणायची. मी तिच्यात मिक्स्चर भरायचो आणि एका वेळी किती प्यायचं ते कळावं म्हणून कागदाची पट्टी कातरून बाटलीला चिकटवायचो. काशीबाईने नुसते ओठ पुसले आणि म्हणाली, "भाऊ, आज पानीच देल्लं का मले?"

दवाखाना अकोला जिल्ह्यातला. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझे सोयरे राहतात. काशीबाई सुकदेव माळ्याची बायको. वांगी, मेथी, झेंडूची फुलं टोपलीत घालून बाजाराला यायची. मोठी थट्टेखोर बाई. माझ्या मापाच्या ग्लासाला ती बाहुलीचा पेला म्हणायची. पाऊस सरल्यावर तिला एक दिवसाआड थंडी भरून ताप येऊ लागला आणि ती बाजाराची टोपली उतरवून आमच्या रांगेत बसू लागली.

ती म्हणाली ते फारसं खोटं नव्हतं. लढाई चालू होती. कोयनेल ज्या जावा बेटातून यायचं ते जपान्यांच्या हाती गेलं होतं. वरून हुकूम आला, मिक्स्चरमध्ये कोयनेल निम्मं करा. पुढे निम्म्याचं पाव झालं. गोळ्यांची एक बाटली तेवढी उरली होती. ती कपाटात, कुलपात, सरकारी नोकरांसाठी राखीव.

डॉक्टरसाहेब माणूस वाईट नव्हते, थकलेले होते. मला म्हणाले, "लोक कुरकुर करतायत. काहीतरी करा." काय करा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाजारातून काडेचिराईत आणलं, उकळलं आणि तो काढा मिक्स्चरमध्ये घातला. चिराईत कडू जहर असतं, पण असल्या तापाला ते कोयनेलच्या जागी चालत नाही. ही अक्कल माझी होती. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पुढच्या वेळी काशीबाईने झकास तोंड वाकडं केलं. "हां, आता झाली दवाई," म्हणाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आज ते आठवलं की लाज वाटते.

आठ दिवसांनी ती भिंत धरून खिडकीपाशी आली. "कडू तं हाये भाऊ. पन माये कान काहून नाही वाजून राह्यले?"

कोयनेल पुरेसं पोटात गेलं की कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज येतो. आमच्या पुस्तकात तो औषधाचा त्रास म्हणून लिहिलेला. गावाच्या लेखी ती औषध लागू पडल्याची खूण होती. कडूपणा मी बाजारातून आणला, कानातला भुंगा कुठून आणणार? मी म्हणालो, "सवय झाली असेल तुम्हाला." ती बाटली पदराखाली घेऊन गेली. पुन्हा आली नाही.

हळूहळू रांगच आटली. माणसं बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या वैद्यांकडे जातात असं कळलं. डॉक्टरसाहेब भडकले. तो म्हातारा लोकांना काय पाजतो ते बघून या म्हणाले.

मी गेलो तेव्हा वैद्य काशीबाईची नाडी धरून बसले होते. बाई हळदीसारखी पिवळी पडली होती. सुकदेव शेजारी. झोप लागते का, भाकर जाते का, बाजाराची टोपली आता कोण उचलतं, असं वैद्य एकेक विचारत होते. आमच्याकडे एकच प्रश्न असे, ताप आहे का, आणि तोही वर न बघता. वैद्यांनी तिला काढा दिला. वासावरूनच मी ओळखला.

त्यांनी मला बाजूला नेलं. "कंपोंडरसायेब, चिराईत आपुन दोघंई एकाच दुकानातून आनतो. मी तिले सांगतलं का यानं ताप हटीनच असं नाही. तुमी काय सांगतलं?"

दवाखान्यात औषधच नाही, हिला अकोल्याच्या मोठ्या इस्पितळात ने, एवढं सुकदेवला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तिथे कोयनेल मिळालं असतं की नाही, देव जाणे. पण बोललो तर नोकरी जाईल या भीतीने माझी जीभ उचलली नाही.

चौथ्या दिवशी ताप डोक्यात चढला आणि काशीबाई गेली.

दिवसपाणी उरकून सुकदेव खिडकीशी आला. हातात रिकामी बाटली, तिच्यावर माझी पट्टी तशीच. "मी भांडाले नाही आलो," तो म्हणाला. "तुमच्या दवाईत कोयनेल होतं का नाही, येवढंच सांगा."

"होतं," मी म्हणालो. पाव हिश्शाने ते खरं होतं.

त्याने मान हलवली. "मंग मीच चुकलो. तिले वैद्याकडे न्याले नाही पायजे होतं." बाटली त्याने खिडकीत ठेवली. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल म्हणाला आणि गेला. मी त्याला हाक मारली नाही. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला आणि माझं पाप स्वतःच्या माथ्यावर घेऊन जगला.

त्याच आठवड्यात वरून विचारणा आली, पेशंट का घटले? डॉक्टरसाहेबांनी मजकूर सांगितला: लोकांचं अज्ञान आणि वैद्यांवरची आंधळी श्रद्धा. मी तो वळणदार अक्षरात उतरवला. मलाही तेव्हा ताप होता. मी सरकारी नोकर, म्हणून साहेबांनी कपाट उघडून गोळ्या दिल्या होत्या. लिहिताना माझे कान वाजत होते. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला.

लोक वैद्याकडे का जातात, असं अजूनही कुणी मला विचारतं. मी एवढंच सांगतो, की ते आधी आमच्याकडे आले होते.