दादा आणि कॅम्पातला लछू

माझ्या दादानं एक मित्र मनानंच तयार केला आणि मग स्वतःच नाहीसा झाला.

आज तोच दिवस. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. सत्तर वर्षं होऊन गेली.

त्याला तिथी नाही, कारण देहच सापडला नाही. म्हणून मी आपली दरवर्षी या रविवारी त्याची आठवण काढते. यंदा इथे. नातू म्हणाला, "आजी, तो सोलो हायकर होता! लिही ना त्याच्यावर पोस्ट!"

सोलो हायकर! अरे बाळा, तेव्हा बदलापुरात माणूस डोंगरात जायचा तो लाकडं आणायला, नाहीतर चुकलेली म्हैस शोधायला. आणि आमचा दादा? सहा दिवस अंबरनाथच्या कारखान्यात राबायचा आणि सातव्या दिवशी चंदेरीचा डोंगर चढायचा. मजा म्हणून!!

संध्याकाळी घरी यायचा तो ढोपरं फोडून, केसांत गवत घेऊन. बसायचा नाहीच. उभ्यानंच हातवारे.

"बेबी, आज सुळक्याच्या पार बुडाशी पोचलो! वारा असा की शर्टच पळवून नेईल!"

मी आ वासून ऐकायचे. मी तेव्हा दहा वर्षांची.

पण आईची अट होती. एकट्यानं डोंगरात जायचं नाही.

म्हणून लछू जन्माला आला.

दादाच्या खात्यात कामाला असलेला, उल्हासनगरला फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पात राहणारा सिंधी मुलगा. असा कोणी नव्हताच! हे फक्त मला माहीत.

"पण कॅम्पातलाच का रे?" मी विचारलं होतं.

"बदलापुरातला सांगितला तर आई उद्याच त्याच्या घरी जाऊन चौकशी करून येईल. कॅम्पात कशाला जातेय ती! तू फक्त आईची शपथ घे, सांगणार नाहीस."

घेतली.

आईनं आधी नाक मुरडलं. मग दोन भाकऱ्या जास्त बांधायला लागली. मग, "त्या लछूला तिखट चालतं ना रे?"

दादा परत आला की, "लछू म्हणाला, अम्मा के हाथ का ठेचा एक नंबर!"

आई चक्क लाजायची. मी फ्रॉकचा कोपरा तोंडात कोंबून हसू दाबायचे.

आणि त्या रविवारी तो आलाच नाही.

आई शांत. "दोघं आहेत. उशीर झाला म्हणून डोंगरावरच्या गुहेत थांबले असतील."

मला माहीत होतं, तो एकटा आहे. पण शपथ मोडली की आई मरते, हेही मला पक्कं माहीत होतं. सोमवारचा अख्खा दिवस मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी राहवेना. नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सगळं सांगितलं आणि धावत जाऊन आई जिवंत आहे का ते बघून आले.

तो एक दिवस वाया गेला तो माझ्यामुळे. हे ओझं मी पुढे कित्येक वर्षं वागवलं.

नाना एवढंच म्हणाले, "आईला सांगू नकोस. तेवढाच धीर आहे तिला."

मंगळवारी काय सर्च पार्टी निघाली म्हणता! कारखान्यातली माणसं, अर्धं गाव, दोर, कोयते, एक ढोलसुद्धा, आवाज ऐकून त्यानं ओ द्यावी म्हणून. सगळ्यांच्या पुढे डोंगराखालच्या वाडीवरचे ठाकर आदिवासी. त्यांच्यातला एक म्हातारा नानांना म्हणाला, "तो एकलाच यायचा. भाकऱ्या आमच्या पोरांना वाटायचा, न् सरसर वर जायचा."

आठ दिवस डोंगर पालथा घातला. चप्पल नाही, बटण नाही, काही नाही.

कोणी म्हणे दरीत पडला, कोणी म्हणे बिबट्या, कोणी म्हणे साधू झाला. एक जण म्हणाला, गोव्याच्या सत्याग्रहाला गेला असेल. मी गोवाच धरून बसले! पेपरातल्या फोटोतली एकेक टोपी न्याहाळायचे.

आईचं भलतंच. "लछूच्या आईचं काय होत असेल? मला तिला भेटायचंय."

नाना आज-उद्या करत राहिले. आणि एका दुपारी आई घरातून गायब!

एकटी कधी बदलापूरबाहेर न गेलेली बाई थेट कॅम्पात! बराकीमागून बराक पालथी घातली. "लछू की माँ किधर रहती?"

दिवेलागणीला परत आली. हातात पापडांची पुडी, डोळे सुजलेले.

"भेटली गं लछूची आई. तिचाही नाही आला."

नाना आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. लछू मुळात नव्हताच, तर ही कोणाला भेटून आली? विचारायची हिंमत दोघांतही नव्हती.

पुढे दर महिन्याला आई कॅम्पात. वर्षानुवर्षं. हिला सिंधी येईना, तिला मराठी. तरी गप्पा संपायच्या नाहीत. माझ्या लग्नात तर ती बाई मांडवात नाचली! नाना पण टाळ्या वाजवत होते!

आई गेली त्याच्या महिनाभर आधी मी शेवटी धीर केला.

"आई, दादाबरोबर कोणीच नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी सोमवारभर गप्प बसले."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"कॅम्पात गेले त्याच दिवसापासून. तिचा लछू सहा वर्षांचा होता गं. कराचीच्या बंदरावर गर्दीत तिचा हात सुटला. तिनं हातानं उंची दाखवली, एवढुसा. घरी आले तर तुझं तोंड सांगतच होतं सगळं."

"मग इतक्या वर्षांत मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

आईनं माझा हात धरला. "एक पोर गेलं होतं. दुसरं कशाला घालवू?"

दादा, आज हे पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितलं. आईनं मला माफ केलं होतं, तूही कर.

तुला आणि आईला माझा नमस्कार. लछूच्या आईलाही.

तुझी बेबी