दुसरा फटका

पद्मावतीकाकूंनी पुतण्याच्या पायावर लोखंडी पहार घातली, ही बातमी कोडोलीत आली तेव्हा कुणी खरी मानली नाही. पाणी गाळून पिणारी, चुलीत घालायच्या आधी लाकूड आपटून मुंग्या झाडणारी बाई पहार कशाला उचलेल? पण उचलली. हाड मोडल्याचा आवाज खालच्या उसात पाणी पाजणाऱ्याला ऐकू गेला म्हणतात. ते सोडा, लोक वाढवून सांगतात. हाड मात्र मोडलं.

भांडण टेकाडाचं. गावाच्या वरच्या अंगाला काकूंच्या नवऱ्याच्या नावावर एक उघडंबोडकं टेकाड होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा काकूंनी ते टेकाड राखण ट्रस्टला बक्षीसपत्र करून दिलं. ट्रस्ट म्हणजे कुणी बडी धेंडं नव्हेत, गावातलीच जैन, मराठा, धनगर घरं. त्यांनी चराई बंद केली, कुऱ्हाड बंद केली, उतारावर चर खणले, झाडं लावली आणि घरटी पाळी लावून राखण सुरू केली. दसऱ्यानंतर गवत कापायचं आणि सगळ्यांनी वाटून न्यायचं. चार-पाच वर्षांत खालच्या विहिरी भर उन्हाळ्यातही आटेनाशा झाल्या. गाव खूश होतं. एकट्या वृषभच्या पोटात दुखत होतं.

वृषभ हा काकूंच्या दिराचा पोरगा. त्याची आई लवकर गेली, तेव्हा काकूंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. मोठा झाला आणि मुरमाच्या धंद्यात पडला. रस्त्यांना मुरूम लागतो आणि टेकाडाच्या पोटात तो ठासून भरलेला. काकूच्या मागं हे आपलंच, असं गड्यानं धरूनच ठेवलं होतं. बक्षीसपत्र झालं त्या दिवशी त्यानं पुढ्यातलं ताट भिंतीवर भिरकावलं.

मग मे महिन्यात एका सकाळी तो पोकलेन आणि पाच-सहा दांडगी माणसं घेऊन टेकाडावर चढला. राखणीची पाळी कृष्णातची होती. डेअरीला दूध घालणारा साधा माणूस, पण यंत्रापुढं आडवा पडला. त्यांनी त्याला तुडवला हो! लाथा, काठ्या, दगड, हाताला येईल ते. हात मोडला, दात पडले, तोंड रक्तानं भरलं, तरी हा काही हलेना. तेवढ्यात झाडांना आळी करायला निघालेल्या बाया वर पोचल्या. काकू सगळ्यांच्या पुढं. वृषभ ड्रायव्हरवर ओरडत होता, "घाल बादली! उठतंय का न्हाय बघू." यंत्राची दातेरी बादली कृष्णातच्या डोक्यावर आली.

काकूंच्या हातात खड्डे घ्यायची पहार होती. ती त्यांनी वृषभच्या नडगीवर घातली. तो किंचाळत खाली कोसळला, ड्रायव्हरनं भिऊन यंत्र बंद केलं. झालं, तिथंच संपायला हवं होतं. पण काकूंनी पहार पुन्हा उचलली आणि खाली पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर आणली. तिसऱ्यांदाही उचलली होती. बायांनी कंबरेला मिठी मारली म्हणून राहिलं.

दोन्हीकडून केसी झाल्या. ट्रस्टच्या वकिलानं काकूंना बजावलं, फटका एकच मारला, तोही कृष्णातचा जीव वाचवायला, एवढंच बोलायचं. गुडघा दगडावर आपटून फुटला. बाया तशी साक्ष द्यायला तयार होत्या, कृष्णातही तयार होता. काकू नुसत्या ऐकून घेत. रात्री मात्र झोपेत दचकून उठत आणि दोन्ही हात लुगड्याला पुसत बसत.

भाद्रपदात वृषभचा निरोप आला. क्षमावणीला बस्तीच्या देवळात सगळ्यांदेखत माझी क्षमा मागायची आणि अर्धं टेकाड मुरमाला सोडायला ट्रस्टला भाग पाडायचं, की केस मागं घेतो. नाहीतर म्हातारपणी तुरुंगातली भाकरी खा. बघा, ज्या बाईनं याला भरवलं तिला हा भाकरी दाखवतो! पर्युषण संपलं की जैन माणसं वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडं क्षमा मागतात, तो हा दिवस. त्याचासुद्धा यानं सौदा केला.

त्या दिवशी बस्ती भरली होती. वृषभ पायात सळई घातलेला, खुर्चीवर बसला होता. बाहेर ओट्यावर कृष्णात आणि ट्रस्टची माणसं जीव मुठीत धरून उभी होती, कारण काकू काय बोलणार हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकू वृषभसमोर आल्या. त्याचा पाय बघितला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वृषभचा चेहरा खुलला.

काकूंनी हात जोडले. "पहिला फटका मारला तो माणसाचा जीव चालला होता म्हणून. त्याची क्षमा मागत न्हाय. दुसरा मारला तेव्हा तू खाली पडला होतास. तो निव्वळ रागानं मारला, तुला मोडायलाच मारला. त्याची क्षमा कर, बाळा."

बाहेर कृष्णातनं कपाळाला हात लावला. वकिलानं एवढी बांधलेली केस बाईनं शंभर माणसांपुढं मोडून टाकली होती.  वृषभनं पुढं वाकून विचारलं, "म्हंजे दोन मारलेस, कबूल?"

"कबूल. कोर्टातबी हेच सांगीन."

"आत जाशील, काकू."

"जाईन की."

"आणि टेकाड?"

"ते गावाचं हाय. सोडायला माझं न्हाय." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मी परत येईन तवा तिथं मशीन दिसली, तर पहिला फटका परत मारीन. दुसरा न्हाय मारणार."

आणि जोडलेले हात तसेच ठेवून त्या शेजारच्या म्हातारीपुढं सरकल्या.