कॉलेजातून आलेलं पाचारण

मी फादर होणार आहे, ही बातमी अख्ख्या गावात सगळ्यात शेवटी मला कळली.

मी तेव्हा एफ.वाय.ला होतो. आमचं कॉलेज फादर लोकांनी काढलेलं, ख्रिस्ती, आणि एवढंसं. दोन मजले, मागे मैदान, पुढे मारियेचा ग्रोटो, म्हणजे पुतळ्याची दगडी गुहा. प्राचार्य फादर मात्र दर स्नेहसंमेलनात सांगत, की हे उद्याचं विद्यापीठ आहे. (आम्ही आजचं कॉलेजसुद्धा धड वापरत नव्हतो, ही गोष्ट वेगळी.) तिथे सकाळी साडेसातला ‘जीवनमूल्ये’ नावाचा एक सक्तीचा तास असे. साडेसात आणि मूल्यं, दोन्ही एकदम मला झेपत नसत. त्यातून त्याच वेळी समुद्राकाठी आमचं टेनिस बॉलचं क्रिकेट. मी विकेटकीपर. कीपरशिवाय टीम खेळू शकत नाही. माझ्याशिवाय जीवनमूल्यं मात्र व्यवस्थित चालली होती!

व्हायचं तेच झालं. परीक्षेचा फॉर्म अडकला. पालक येऊन भेटल्याशिवाय सही नाही, सही नाही तर वर्ष फुकट, आणि वर्ष फुकट गेलं तर नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत पाणी लावायला कायमची भरती, हे बाबांनी ॲडमिशनच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मी घरी सांगायला विसरलो. सलग आठ दिवस विसरलो.

शेवटी कॉलेजनेच पत्र पाठवलं. पत्रात कचेरीतली मराठी: “चि. इनास यांच्या संदर्भात पाचारण करण्यात येत आहे. तरी फादर प्राचार्यांना सत्वर भेटावे.”

आता, घरात आम्ही आमची बोली बोलतो. असली भारदस्त मराठी आईच्या कानावर पडायची ती फक्त चर्चमध्ये. आणि चर्चमध्ये ‘पाचारण’ या शब्दाचा अर्थ एकच: धर्मगुरू होण्यासाठी देवाने दिलेली हाक. वर्षातला एक रविवार खास त्या प्रार्थनेचा असतो. आई ती प्रार्थना दरवर्षी डोळे मिटून करायची. शेजारच्या सांतानमावशीचा मुलगा फादर व्हायला सेमिनरीत गेल्यापासून तर जरा जास्तच घट्ट मिटून.

मी समुद्रावरून आलो तेव्हा आई ओट्यावर बसून रडत होती आणि सांतानमावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी ओळखलं, पत्र आलं. आता सरळ पाय धरावेत म्हणून वाकलो, तर आईनेच मला जवळ ओढलं आणि एवढी मोठी गोष्ट आईपासून का लपवलीस, असं विचारलं. मी मान खाली घातली. ती मान सगळ्यांनी नम्रतेच्या खात्यात जमा केली.

पत्र हातात पडल्यावर घोटाळा माझ्या लक्षात आला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण ताटात पापलेटचा मधला तुकडा वाढलेला, आणि तोंड भरलेलं! दुसऱ्या दिवशी वाडीचं पाणी माफ झालं, कारण फादर होणाऱ्या मुलाला चिखलात कशाला उतरवायचं? रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर गावच्या फादरांनी जाहीर केलं, की आपल्यातल्या एका घराचं दार देवाने ठोठावलं आहे, आणि सगळं चर्च मागे वळून माझ्याकडे बघू लागलं. संध्याकाळी आमचा कॅप्टन दबक्या आवाजात विचारून गेला, की नवा कीपर बघू का.

केळीचा घड उतरवता उतरवता बाबांनी मात्र एकदाच विचारलं, “नक्की देवच ना?”

सोमवारी टेम्पो निघाला. ठेवणीतल्या साडीत आई, लग्नातल्या कोटात बाबा, सांतानमावशी आणि गावचे फादर. वाटेत उडी मारावी म्हटलं, तर प्राचार्यांना द्यायचा केळ्यांचा घड माझ्याच मांडीवर.

एवढी मंडळी पाहून प्राचार्य फादर चपापले. एरवी असले पालक एकटे येत, तेही तोंड लपवून.

“मन घट्ट करून ऐका,” ते म्हणाले.

“केलंय, फादर,” आई म्हणाली.

“असंच चाललं तर इनासला इथे ठेवता येणार नाही.”

“कधी पाठवायचा म्हणता? चादरींवर त्याचं नाव शिवून ठेवलंय.”

प्राचार्य फादरांनी चष्मा काढून पुसला. “बाई, मुलगा अजिबात दिसत नाही हो.”

“आता आम्हांला तरी कुठे दिसणार? सुट्टीत आला तर आला.” आईने डोळ्यांना पदर लावला.

“त्याला थोडी लाज वाटायला हवी.”

“लाजतोच तो. आठ दिवस घरात बोलला नाही.”

इथे गावच्या फादरांनी खुर्ची पुढे ओढली आणि कोणती सेमिनरी ठरली, अशी चौकशी केली. उत्तरादाखल प्राचार्यांनी हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि बाबांकडे दिला. माझी हजेरी शोधायला बाबांना पानं तीनदा उलटावी लागली.

आईने घरून आणलेलं कॉलेजचंच पत्र वाचल्यावर प्राचार्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते माझ्याकडे वळले. “इनास, खरं सांग. तुला पाचारण आलंय का?”

समोर भिंतीवर क्रूस, बाजूला आई. अशा वेळी खरं बोलायचं असतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. (त्या तासाला मी गैरहजर होतो.)

“आलंय, फादर,” मी म्हणालो. “पण तुमच्या ऑफिसातून.”

आई उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मुलाला रोज साडेसातला स्वतः सायकलवर आणून सोडीन, असं बाबांनी लिहून दिलं आणि फॉर्मवर सही झाली. माझं वर्ष वाचलं. आईची इतक्या वर्षांची प्रार्थना वाया गेली.

परतताना टेम्पोत आई बाहेर बघत होती. शेवटी गावचे फादरच म्हणाले, “मारीबाय, देवाने तुझं ऐकलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको. चर्चचं रक्षण कर, अशी प्रार्थना मीही रोज करतो. याला बोलावलं नाही, म्हणजे त्याने माझी ऐकली.”

आई हसली. आणि एरवी मिस्साभर डुलक्या काढणारे बाबा टेम्पोत ताठ बसून, हात जोडून, अगदी मनापासून म्हणाले, “आमेन.”